केडगावच्या रमाबाई आणि दुष्काळातली मुले

आपल्या वस्तीत रमाबाई हे नाव घेतले की माता रमाईशिवाय दुसरे कोणी डोळ्यांपुढे येत नाही. ते साहजिकच आहे. पण पुणे-सोलापूर रस्त्यावर कासुर्डी ओलांडून, यवत मागे टाकून चौफुल्याला डावीकडे वळले की केडगाव लागते, आणि तिथे आणखी एका रमाबाईंनी उभे केलेले घर सव्वाशे वर्षांनंतरही चालू आहे. त्या पंडिता रमाबाई. दरवर्षी १ जानेवारीला शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाला मानवंदना देऊन सोलापूरकडे परतणाऱ्या आपल्या बांधवांच्या गाड्या याच रस्त्याने जातात. केडगावचा फाटा दिसतो आणि मागे पडतो.

एप्रिल महिना आपल्याकडे जयंत्यांचा. ११ तारखेला महात्मा फुले, १४ तारखेला बाबासाहेब. याच महिन्यात ५ तारखेला पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी येते आणि २३ तारखेला जयंती. या बाई आपल्या चळवळीतल्या नव्हेत. ब्राह्मण घरात जन्मल्या, पुढे ख्रिस्ती झाल्या. तरी आम्ही त्यांच्यावर लिहितो आहोत, कारण कासुर्डी ते केडगाव या पट्ट्यात एक प्रश्न आज घराघरांत आहे आणि त्यावर बोलायला कोणी तयार नाही. प्रश्न मुलांच्या मनाचा आहे. बोलते मूल अचानक गप्प होते. दहा वर्षांचा मुलगा रात्री अंथरूण ओले करू लागतो. मुलगी शाळेच्या नावाने थरथरते. अशा वेळी घरातले लोक काय करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. कोणी थोबाडीत देतो. कोणी बाहेरचे झाले म्हणून देवऋषाकडे नेतो. बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर असलेल्या घरातूनही लिंबू-नारळ उतरवला जातो, हे आम्ही लपवणार नाही. थोडे शिकलेले घर असेल तर डॉक्टरकडे नेतात, गोळी सुरू होते. पण त्या घरात काय घडले, आई कशी आहे, बाप पितो का, घरात धान्य आहे का, मूल रात्री कुणाजवळ झोपते, हे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. मूल म्हणजे जणू बिघडलेले यंत्र. दुरुस्त करून परत द्यायचे.

रमाबाईंनी मुलांकडे असे पाहिले नाही. त्याचे कारण त्यांच्या स्वतःच्या लहानपणात सापडते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीत कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि हट्टी. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकताना त्यांनी ऐकले होते, आणि बाईलाही हे शिकवता येते हे त्यांच्या मनात बसले. नऊ वर्षांची लक्ष्मीबाई त्यांना दुसरेपणाची बायको म्हणून मिळाली. वयात पस्तीसएक वर्षांचे अंतर. या लग्नाचे कौतुक आम्हाला वाटत नाही. पण त्या मुलीला त्यांनी संस्कृत शिकवले, त्यापायी पंडितांचा रोष पत्करला आणि शेवटी जंगलात जाऊन घर केले, हेही खरे. पुढे लक्ष्मीबाईंनीच रमेला शिकवले. घर मोडले तेव्हा सगळे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. ना गाव, ना शाळा, ना सवंगडी. या मुलीचे घर म्हणजे चालणारे पाच जण, एवढेच.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १९०७ साली रमाबाईंनी आपल्या आयुष्याची हकिगत सांगणारी एक लहान पुस्तिका लिहिली, तीत हा काळ आहे. जवळचे पैसे दानधर्मात आणि नवसात संपले. मजुरी करायची तर शास्त्र्याच्या घराला ती माहीत नव्हती, भीक मागायची तर लाज आड येत होती. भांडी गेली, दागिने गेले, मग रानातला पाला खाण्याची वेळ आली. म्हाताऱ्या वडिलांची दृष्टी गेली होती. त्यांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचे ठरवले आणि घरच्यांनीही तीच वाट धरायची असे ठरले. ऐनवेळी भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी हमाली करीन, आणि ते मागे फिरले. वडील काही दिवसांतच गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

पुढे रायचूरला आई तापाने आणि भुकेने निपचित पडली. तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. मुलगी एका घरासमोर जाऊन उभी राहिली, पण मागायचे शब्द तोंडातून फुटेनात. घरातल्या बाईने ओळखले आणि भाकरी दिली. आईला ती खाता आली नाही. मेल्यावर खांदा द्यायला माणसे मिळेनात, दोघा ब्राह्मणांना दया आली, चौथा खांदा मुलीनेच दिला. ती ठेंगणी होती, म्हणून तिरडीचे टोक तिने डोक्यावर घेतले. त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

बाजरीचा भाग आमचाही. भाकरी मागताना जीभ टाळ्याला चिकटणे म्हणजे काय, हे दौंड-शिरूरच्या जिरायत गावांतल्या आमच्या आज्या-पणज्यांना कुणी समजावून सांगावे लागले नसते. फरक इतकाच की आमच्या माणसांनी मागितल्यावर हातात भाकरी पडली नसती, लांबून टाकली गेली असती. ते बाजूला ठेवू. आम्हाला इथे सांगायचे आहे ते त्या मुलीच्या न फुटलेल्या आवाजाबद्दल. असे मूल कसे असते, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी चालत उत्तरेत काश्मीरपर्यंत गेली. अंगावर पांघरूण नव्हते. झेलमच्या काठी रात्री वाळूत दोन खड्डे खणून त्यात निजायचे आणि वाळूच अंगावर ओढून घ्यायची. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ही गोष्ट सगळीकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. पण कौतुक पुरते झाले नाही तोच १८८० च्या मे महिन्यात ढाक्याला श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते बंगालात शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीतले. जातीबाहेर, प्रांताबाहेर, १८८० साली. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी बाई विधवा, कडेवर दहा महिन्यांचे मूल, आणि माहेर म्हणावे असे एकही माणूस जिवंत नाही.

थेरीगाथा वाचणाऱ्यांना इथे पटाचारा आठवेल. नवरा, दोन मुलगे, आईबाप, भाऊ एकापाठोपाठ गेले आणि ती भान हरपून श्रावस्तीत वस्त्राविना भटकत होती. लोक तिला हाकलत होते. भगवान बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, भानावर आणले, अंगावर वस्त्र दिले गेले, मगच उपदेश झाला. पुढे मुले गमावलेल्या कित्येक बाया याच पटाचारेकडे आल्या. आम्हाला ही गोष्ट नेहमीच मनाच्या उपचाराची वाटत आली आहे, आणि तिच्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांना शिक्षिका आणि डॉक्टर करा अशी मागणी केली. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे होते, पण कान अधू झाले होते, ते जमले नाही. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. रमाबाईंच्या चरित्रकारांनी या प्रसंगावरून घाईने पाय उचलला आहे. परक्या देशात एकुलत्या सोबतिणीने असे जाणे हा धक्का केवढा असेल! त्याच सप्टेंबरात, २९ तारखेला, रमाबाईंनी आणि अडीच वर्षांच्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गदारोळ उठला. ज्यांनी आदल्या वर्षी त्यांना डोक्यावर घेतले होते तेच तुटून पडले. त्या वेळी बाईच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ च्या सत्सार या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. ज्या धर्मात बाईला आणि शूद्रातिशूद्राला माणूस मानत नाहीत तो एका शिकलेल्या बाईने विचार करून सोडला तर त्यात दोष कुणाचा, असा त्यांचा रोख होता. जोतीराव ख्रिस्ती झाले नव्हते, होणारही नव्हते. पण धर्म सोडण्याचा हक्क त्यांनी मान्य केला. १९३५ ला येवल्यात घोषणा ऐकलेल्या समाजाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी. राहिल्या मात्र अडीच वर्षांहून जास्त. तिथे त्यांनी फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकून घेतली. मुलाला हाताने करू द्यायचे, गाऊ द्यायचे, माती-लाकूड-कागद यांच्याशी खेळू द्यायचे, आणि त्यातून शिकवायचे. छडीच्या शाळा सर्वत्र असताना एक मराठी बाई हे शिकत होती. १८८७ च्या तिच्या इंग्रजी पुस्तकामुळे पैसा उभा राहिला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले.

शारदा सदन हे उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते. सोवळेओवळे पाळण्याची तिथे मुभा होती. जातिअंताच्या चळवळीत वाढलेल्या आम्हाला हे खटकते, आणि खटकलेच पाहिजे. सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी त्याआधी चाळीस वर्षे महार-मांगांच्या मुलांना शाळेत बसवले होते, १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घर उघडले होते, १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला मुलांना जेवू घातले होते. त्यांच्या मानाने रमाबाईंची सुरुवात अरुंद होती. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून केसरीने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, पालकांनी पंचवीसेक मुली नेल्या. ही बाजू बहुतेकांना माहीत आहे, तिच्यात फार वेळ घालवत नाही.

खरी गोष्ट त्यानंतरची. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली आणि रमाबाई तिकडे निघाल्या. जे पाहिले ते वीस वर्षांपूर्वी स्वतः भोगलेले होते. सरकारी मदत छावण्यांत आणि अनाथगृहांत मुली कुणाच्याही हाती लागत होत्या. त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणल्या. या वेळी जात विचारली नाही. दुष्काळाने त्यांची ती अट मोडून काढली, असे आम्ही म्हणू. पुण्यात तेव्हा प्लेग होता. त्याच प्लेगात मार्च १८९७ मध्ये आजारी मुलाला उचलून आणता आणता सावित्रीबाई गेल्या. शहरात नव्या मुली ठेवायला मनाई झाली, म्हणून रमाबाईंनी त्यांना केडगावला नेले. फळबाग करावी म्हणून तिथे शंभरएक एकर माळरान रेल्वेजवळ घेऊन ठेवले होते. तंबू ठोकले, झोपड्या घातल्या. १८९८ मध्ये तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. प्लेग छावणीत बायकांची होणारी विटंबना सहन न होऊन त्यांनी सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिले, तेही याच वर्षांत. १९०० मध्ये गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्या मदतनीस तिकडे गेल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली.

दोन हजार मुली आणि बाया, दौंडच्या माळावर! त्यांतल्या कित्येक आल्या आल्या दगावल्या, शरीरच उरले नव्हते. ज्या जगल्या त्यांचे वागणे चांगले नव्हते. खाणे चोरून ठेवायचे, एकमेकींना ओरबाडायचे, खोटे बोलायचे, पळून जायचे. कुणी बोलतच नसे. काहींच्या मनात भीती घातलेली होती की ही बाई आपल्याला खाऊन-पिऊन जाड करील आणि मग उलटे टांगून खाली जाळ करून आपल्या अंगातले तेल काढील. पोटभर जेवण समोर आले की या मुली जास्तच घाबरत असणार. आजचे बालमनोविकारतज्ज्ञ सांगतील की उपासमारीतून आणि आईबापांच्या मरणातून आलेले मूल असेच वागते, तो त्याचा स्वभाव नसतो. १८९७ ला हे सांगायला कोणी नव्हते. त्या काळच्या बहुतेक अनाथगृहांत याला एकच औषध होते, शिक्षा.

केडगावात काय होते? पहिले म्हणजे जेवण, रोज ठरल्या वेळी. मग अंघोळ, केसांतल्या उवा, खरजेवर औषध, धड लुगडे. मग माणूस. शारदा सदनातल्या शिकलेल्या मुलींना रमाबाईंनी इथे आणले आणि लहान मुलींचे गट त्यांच्या हाती दिले. काल ज्या बालविधवा डोके भादरून कोपऱ्यात बसवलेल्या होत्या त्या आज कुणाच्या तरी आईच्या जागी आल्या. आम्हाला यात रमाबाईंची सगळ्यात मोठी समज दिसते. दुखावलेल्या मोठ्या मुलीला आणि दुखावलेल्या लहान मुलीला त्यांनी एकमेकींच्या स्वाधीन केले. कडेवर मूल असलेल्या बाया आल्या तर त्यांना मुलासकट ठेवून घेतले. ज्यांना कोणी घरात घेत नव्हते अशा, लोकांनी वाईट ठरवलेल्या बायांसाठी कृपा सदन वेगळे काढले. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन निघाले. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन होते. तिथे मनोरमाबाईंनी ब्रेलवर वाचायला शिकवण्याची व्यवस्था केली. म्हणजे एकाच आवारात लेकरे, आया, मावश्या, आज्या. मोडलेल्या घरांच्या तुकड्यांमधून जुळवलेले एक घर.

आणि काम. विहिरी खणल्या, शेत केले, गाईगुरे ठेवली, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, धुणे, वेताचे काम, आणि पुढे छापखाना. शाळा होतीच, लहानांना बालवाडीच्या पद्धतीने. कामाच्या बाबतीत आमच्या मनात थोडी शंका राहते. अनाथ मुलांना कामाला जुंपून संस्था चालवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण इथे काम एका रिकाम्या डोक्याला दिवसभराचा आकार देत होते, आणि केलेल्या कामाचे पीक त्याच ताटात येत होते. पाणी शेंदायचे, वाफा भिजवायचा, आठवड्याने कोंब बघायचा. बोलता न येणाऱ्या मुलीलाही हे करता येते.

हल्ली ज्याला एकात्मिक उपचार म्हणतात, म्हणजे औषध, अन्न, समुपदेशन, शाळा, आईबाप आणि घरची परिस्थिती यांचा एकत्र विचार, त्याचे हे ओबडधोबड रूप होते. त्यात औषधवाला डॉक्टर कमी पडत होता आणि देव जरा जास्त होता.

देवाचे बोलले पाहिजे. केडगावात येणारी मुलगी ख्रिस्ती प्रार्थनेत वाढत असे आणि बहुतेक जणी ख्रिस्ती होत. १९०५ मध्ये तिथे मोठी धार्मिक लाट आली, तासन्‌तास प्रार्थना, रडणे, पापांची कबुली, अंगात शिरल्यासारखे कापणे. रमाबाईंना त्यात पवित्र आत्मा दिसला. आम्हाला वेगळे दिसते. दुष्काळात आईबाप डोळ्यांदेखत मेलेल्या शेकडो मुली एका मंडपात मोठ्याने रडत होत्या. त्यांना त्याआधी असे रडायची जागा कुठे मिळाली होती? तरी प्रश्न उरतोच. जोतीरावांनी ज्या हक्काची बाजू घेतली तो विचार करून निर्णय घेणाऱ्या मोठ्या बाईचा हक्क होता. भुकेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तो विचार करता येतो का? बाबासाहेबांनी घोषणेनंतर एकवीस वर्षे अभ्यास केला, समाजाला तयार केले, आणि मग १९५६ ला मोठ्या माणसांनी उभे राहून दीक्षा घेतली. भाकरी देणाऱ्या हाताकडूनच श्रद्धाही घ्यावी लागणे, हे मुलाच्या मनावरचे ओझे आहे. मग भाकरी ख्रिस्ती असो, हिंदू असो की आपल्या विहारातली. रमाबाईंबद्दल आदर ठेवूनही आम्हाला हे मान्य करता येत नाही.

मात्र टीका करणाऱ्या आपण लोकांनी आपल्या रस्त्याकडे पाहावे. कासुर्डी, यवत, केडगाव, पारगाव हा आता उसाचा पट्टा आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. गुऱ्हाळांवर परप्रांतीय मजुरांची कुटुंबे राहतात. पहाटे आईबाप फडात, आठ वर्षांची मुलगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळत. तिची शाळा मराठवाड्यातल्या किंवा नगरकडच्या गावात राहिलेली. सहा महिने इथे, सहा महिने तिथे, कुठेच धड नाव नाही. यांतली किती मुले आपल्याच समाजातली आहेत, ते जयंतीच्या वर्गणीला फिरताना दिसते. अंगणवाडीच्या ताई आणि आशाताई त्यांच्यापर्यंत पोचतात तेव्हा वजन-उंची घेतात, लस देतात. मूल गप्प का आहे, हे टिपायला त्यांच्या तक्त्यात रकाना असला तरी वेळ नसतो.

कायदा अगदीच मुका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात म्हटले आहे की उपचार घेणाऱ्या आईला तिच्या तीन वर्षांखालच्या मुलापासून सर्वसाधारणपणे वेगळे करू नये. आईपासून मुलाला धोका असला तरच वेगळे करता येते, आणि तेही ठरावीक दिवसांनी पुन्हा तपासून. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते, मुलांबद्दलही विचारता येते. संकटातल्या मुलासाठी १०९८ आहे. आपल्या विहारांच्या फलकांवर वर्षावासाच्या प्रवचनांच्या तारखा असतात. त्यांच्या खाली हे दोन आकडे लिहायला अर्धा खडू लागतो. रविवारच्या वंदनेला येणाऱ्या आयांना वंदनेनंतर अर्धा तास नुसते बोलू द्यायला तर तोही लागत नाही.

आता मनोरमेबद्दल, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट खोटी होईल. शेकडो मुलींची आई झालेल्या बाईची एकुलती मुलगी लहानपणी वारंवार आईपासून दूर राहिली. रमाबाई अमेरिकेत असताना पाच-सहा वर्षांच्या मनोरमेला इंग्लंडला मठातल्या भगिनींकडे परत पाठवले होते. तिला कसे वाढवायचे, काय खाऊ घालायचे, कोणता धर्म किती शिकवायचा यावरून रमाबाईंची आणि त्या भगिनींची पत्रांतून खडाजंगी चालली होती. आई भांडत होती ती मुलीवरच्या हक्कासाठी, पण मुलगी होती समुद्रापलीकडे. त्या मुलीला काय वाटले असेल, हे रमाबाईंच्या कामाचे गोडवे गाणाऱ्यांनी फारसे विचारले नाही. पुढे मनोरमा भारतात आईजवळ आली, पुन्हा अमेरिकेत शिकून १९०० च्या सुमारास केडगावला परतली आणि मग आईचा उजवा हात झाली. शाळा तिच्याकडे, अंध मुली तिच्याकडे, हिशेब तिच्याकडे. आईला ऐकू येत नव्हते, म्हणून बाहेरच्या जगाशी बोलणेही बरेचसे तिच्याकडे. लग्न केले नाही. ज्या मुलीला लहानपणी आई पुरती मिळाली नाही, ती आयुष्यभर आईच्या मुली सांभाळत राहिली. याला त्याग म्हणावे की आणखी काही, हे आम्ही ठरवत नाही.

रमाबाईंची शेवटची पंधरा-सोळा वर्षे बायबल सोप्या मराठीत आणण्यात गेली. कमी शिकलेल्या बाईला वाचता यावे म्हणून संस्कृत शब्द टाळायचे, असा या सरस्वतीचा आग्रह होता. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात मनोरमा वारली, चाळीस वर्षांची होऊन. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. रमाबाई कामाला बसत राहिल्या. त्यानंतर साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला त्या केडगावातच गेल्या. भाषांतर हातून पुरे झाले होते. त्याचे पुस्तक १९२४ मध्ये निघाले, केडगावच्याच छापखान्यातून, तिथल्या बायकांनी खिळे जुळवून.